मागचे दोन स्पीकर

सिनेमात कुठेतरी दार करकरलं आणि सासऱ्यांनी झटकन मान मागे वळवली.

"कोण आलं?"

"कुणी नाही बाबा, सिनेमातलं दार आहे ते," धाकटी मुलगी हसत म्हणाली.

"सिनेमातलं? माझ्या पाठीमागे?" म्हातारे क्षणभर तसेच मान वळवून बसले. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू पसरलं, ते त्यांच्या थोरल्या जावयाने आजवर एकदाही पाहिलं नव्हतं, आणि नेमकं ते याच घरात पाहावं लागावं, याचंच त्याला दुःख झालं.

या थोरल्या जावयाला सगळे मिलिमीटर म्हणत. पाण्याचे नळ आणि व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कारखान्यात तो नकाशे काढायचा, आणि त्याच्या रेघेत एवढाही फरक कधी सापडला नव्हता. नाव कारखान्यात पडलं आणि कधीतरी घरी पोचलं. आज सिनेमा चालला होता ते घर धाकट्या साडूचं होतं. साडू फरशा विकायचा. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं, दुकानात येईल त्याला चहा. त्याने घरातली मागची खोली रिकामी केली, भिंतींना जाड कापड लावलं, समोर भलामोठा टीव्ही टांगला आणि दुकानातल्या माणसाला सांगितलं, "चांगलं असेल ते बसवून टाका." त्या माणसाने एक काळा डबा आणला, पुढे तीन आणि मागे दोन स्पीकर लावले, आणि चहा पिऊन निघून गेला. फरशीवाल्याला त्यातलं एकही बटण कळत नव्हतं. एकच माहीत होतं, ते दाबलं की खोली गाजायची.

"जावईबापू," सासरे हाताने चाचपत म्हणाले. मिलिमीटर पुढे सरकला, पण म्हाताऱ्यांच्या हाताला आधी फरशीवाल्याचं मनगट लागलं. "अहो, जन्मभर मी सिनेमे पाहिले. ऐकला मात्र आज."

हे खरंच होतं. सासरे जन्मभर थिएटरात मशीन चालवत होते. एकेक सिनेमा त्यांनी शंभरदा पाहिला असेल, पण पाहिला तो वरच्या खोलीतल्या वीतभर खिडकीतून, आणि कानाशी मशीनची खडखड. खाली हॉलमध्ये लोकांना काय ऐकू येतं ते त्यांना कधी नीट कळलंच नाही. पुढे थिएटर बंद पडलं. मग काचबिंदूने हळूहळू डोळे नेले. बायको त्याआधीच गेली होती. दोन्ही मुलींच्या घरांच्या मधल्या गल्लीत एका वरच्या मजल्यावर ते एकटे राहायचे, आणि आधार मागायचा नाही एवढाच त्यांचा हट्ट होता.

डोळे गेल्यावर दर रविवारी ते मिलिमीटरकडे यायचे. त्याच्या कॉम्प्युटरवर सिनेमा लागायचा, दोन छोटे स्पीकर टेबलावर, आणि मिलिमीटर शेजारी बसून हळू आवाजात सांगायचा, "आता ती जिना उतरतेय. हातात पिशवी आहे. तो खाली उभा आहे, पण तिला दिसला नाही." सांगणंही नकाशासारखं. दिशा, अंतर, उंची. सासरे मान डोलवायचे. "तुमच्यासारखा जावई मिळायला नशीब लागतं," असं ते एकदा म्हणाले होते, आणि ते वाक्य मिलिमीटरने पुढे कित्येक रविवार पुरवून वापरलं होतं.

फरशीवाल्याच्या खोलीत त्या दिवशी त्याने सवयीने सांगायला सुरुवात केली, "आता गाडी डावीकडून..."

"हो, गेली की," सासरे म्हणाले. "इकडून आली, मागून वळली आणि तिकडे गेली. कळतंय मला. तुम्ही निवांत बघा आता."

निवांत! मिलिमीटरला तो शब्द सुईसारखा टोचला. पुढचा सगळा सिनेमा त्याने हाताची घडी घालून काढला आणि शेवटी काय झालं ते त्याला आठवेनाही.

घरी जाताना बायको म्हणाली, "बाबा किती खूश होते ना आज?"

"त्यात काय मोठंसं. पाच स्पीकर तर आहेत. कुणीही लावेल."

"मग लावा ना तुम्हीपण."

"लावतोच," मिलिमीटर म्हणाला. "आणि तो डबाबिबा काही लागत नाही. आपल्या कॉम्प्युटरवर सगळं होतं."

हे वाक्य तोंडून गेलं आणि तिथेच तो अडकला.

कारण कॉम्प्युटर म्हणजे मिलिमीटरचा प्राण. त्याचा एकेक भाग त्याने स्वतः निवडून जोडला होता. घरातल्या कुणाचंही काही अडलं की लोक त्याच्याकडे यायचे. त्याने स्पीकरचा संच आणला. खोलीचा नकाशा काढला, खुर्ची कुठे, कान कुठे, मागचे स्पीकर किती अंशात, सगळं मापून भिंतीत खिळे ठोकले. वायरी अशा बसवल्या की दिसू नयेत. मग कॉम्प्युटरवरची चाचणी लावली. एकेका कोपऱ्यातून घंटी वाजली. पुढे डावीकडे, मध्ये, उजवीकडे, मागे उजवीकडे, मागे डावीकडे. मिलिमीटर खोलीच्या मध्यभागी डोळे मिटून उभा राहिला आणि त्याला वाटलं, आता येऊ दे रविवार.

मग त्याने सिनेमा लावला, आणि मागचे दोन स्पीकर मेल्यासारखे गप्प.

त्याने वायरी तपासल्या. पुन्हा चाचणी लावली, पुन्हा घंटी. सिनेमा लावला की शुकशुकाट. मोटारींच्या शर्यतीचा एक खेळ उघडून पाहिला, तर मागची गाडी मागूनच घोंघावत आली. म्हणजे स्पीकर धडधाकट, कॉम्प्युटर धडधाकट. खेळाला मिळत होतं, सिनेमालाच मिळत नव्हतं. ज्या कंपनीकडून घरबसल्या सिनेमे दिसायचे, तिच्या मदतकेंद्राला त्याने फोन लावला.

"सर, कॉम्प्युटरवर तुम्हाला दोनच बाजूंचा आवाज मिळेल," पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली.

"पण माझ्याकडे पाचही स्पीकर आहेत."

"हो सर. पण कॉम्प्युटरवर दोनच."

"आणि टीव्हीवर?"

"टीव्हीवर सगळे, सर."

"सिनेमा तोच, कंपनी तीच, मी वर्गणी तीच भरतो..."

"बरोबर आहे सर."

"मग का?"

"कॉम्प्युटरवर तेवढी सोय नाहीये, सर. आणखी काही मदत करू शकते?"

पुढचे कितीतरी दिवस तो कारखान्यातून आला की खुर्चीत बसायचा. हा प्रोग्रॅम घाल, तो काढ, सेटिंगमध्ये इथली खूण कर, तिथली पूस. परक्या लोकांच्या चर्चा वाचायचा, आणि जगभरात आपल्यासारखेच किती जण मागच्या मुक्या स्पीकरांकडे पाहत बसलेत ते त्याला कळलं. कुणी म्हणे आवाजाचं कार्ड बदला, कुणी म्हणे बदलून उपयोग नाही. कारखान्यातला सोबती म्हणाला, "एवढा कशाला जीव काढतोस? कुठूनतरी उतरवून घे सिनेमा फुकट. त्यात येतो सगळा आवाज."

"चोरीचा माल सासऱ्यांना ऐकवू?"

"मग साडूकडे आहे तसला डबा आण टीव्हीचा."

मिलिमीटरने त्याच्याकडे असं पाहिलं की सोबत्याने चहाचा कप उचलला आणि दुसऱ्या टेबलावर गेला.

बायकोनेही तेच सुचवलं. "डबाच आणू या की. बाबांना बरं वाटेल, तुमचीही चिडचिड थांबेल."

"फरशीवाल्याचं बघून?"

"त्याचं बघून नाही हो, बाबांसाठी."

"तेच ते," मिलिमीटर म्हणाला.

तिकडे रविवार एकामागून एक फरशीवाल्याच्या घरी जात होते. सासरे सकाळपासून तयार होऊन बसायचे म्हणे. हे 'म्हणे' फार वाईट. आधी कुठलीही बातमी त्याच्या घरातून बाहेर जायची, आता ती बाहेरून त्याच्या घरात येत होती.

शेवटी त्याला एक खूण सापडली. ती केली की पुढचाच आवाज सगळ्या स्पीकरांतून निघायचा. मागचे स्पीकर बोलू लागले. ते पुढचंच बोलत होते, पण बोलत होते. मिलिमीटरला आतून ठाऊक होतं की ही फसवणूक आहे. नकाशात असलं काही त्याने कुणाला खपवू दिलं नसतं. तरी त्याने सगळ्यांना बोलावलं.

सिनेमा सुरू झाला. फरशीवाला पहिल्याच गाण्याला ओरडला, "दादा, कमाल! एक नंबर! आणि कॉम्प्युटरवर? मला तर टीव्हीचं रिमोटही नीट कळत नाही." त्यात खोट काढायला जागा नव्हती, आणि तीच मिलिमीटरला सगळ्यात मोठी खोट वाटली.

सासरे ताठ बसले होते. पडद्यावर घोडा दौडत गेला. म्हाताऱ्यांनी मान थोडी डावीकडे केली, मग उजवीकडे, मग सरळ केली आणि हात मांडीवर ठेवून दिले.

"कसं वाटतंय बाबा?"

"छान आहे. मोठा आहे आवाज."

"घोडा कुठून गेला, कळलं?"

म्हातारे अवघडले. "तो... इथेच होता ना? सगळीकडे?" मग घाईघाईने म्हणाले, "चांगलं आहे हो. एवढं केलंत तुम्ही. फार चांगलं आहे." अर्ध्या सिनेमात त्यांनी पाठ दुखत असल्याचं सांगितलं. फरशीवाला त्यांचा हात धरून त्यांना खाली घेऊन गेला. खिडकीतून मिलिमीटरला दोघांचे आवाज ऐकू आले. फरशीवाला काहीतरी बोलला आणि सासरे मोकळेपणाने हसले. पाठ दुखणारा माणूस असा हसत नाही.

त्यांनी नावं ठेवली असती तर चाललं असतं. पण आपल्याशी ते सभ्यपणे वागले. परक्याशी वागतात तसे.

पुढच्या आठवड्यात फरशीवाल्याचा फोन आला. "दादा, जरा येता का? मागचा एक स्पीकर मधूनच खरखरतोय. दुकानवाला येतो येतो म्हणतो आणि येत नाही. तुमच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळतं?"

मिलिमीटर गेला. फरशीवाला दुकानात होता, मेहुणी चहा टाकायला आत गेली. काळ्या डब्याच्या पाठीमागे एक वायर सैल झाली होती, एवढंच. ती घट्ट करायला काहीच वेळ लागला नसता. मिलिमीटरने ती हातात धरली, शेजारची दुसरीही सोडवली, आणि डावीकडची उजवीकडे आणि उजवीकडची डावीकडे घट्ट पिळून बसवली. मग तो बाहेर येऊन चहा प्याला आणि मेहुणीला म्हणाला, "झालं काम."

त्याला वाटलं होतं, काय होईल फार तर? सासऱ्यांना जरा गोंधळल्यासारखं वाटेल. म्हणतील, पूर्वीसारखी मजा येत नाही. मग कदाचित...

रविवारी तोही तिथे होता. पडद्यावर एक माणूस डाव्या दारातून निघून मागे वळला, तर त्याची पावलं उजव्या कानामागे वाजली. सासऱ्यांनी मान हलवली. थोड्या वेळाने पुन्हा. मागून कुणीतरी हाक मारली, मग तोच माणूस पुढे बोलला तो दुसऱ्याच बाजूने. म्हाताऱ्यांनी एक कान हाताने झाकून पाहिला, मग दुसरा.

"आवाज बंद करा जरा," ते म्हणाले. फरशीवाल्याने बंद केला. "तुम्ही कुठे आहात?"

"इथे बाबा, तुमच्या डावीकडे."

"डावीकडेच ना? नक्की?" त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मला घरी सोडा."

त्यानंतर ते सिनेमाला येईनात. मुली जेवण घेऊन जायच्या, तर म्हातारे दारातच विचारायचे, "कुठल्या बाजूला उभी आहेस तू?" जिना उतरणं त्यांनी सोडलं. डोळे गेल्यावर रस्ता, जिना, माणसं सगळं त्यांनी कानांवर तोललं होतं, आणि आता त्यांना वाटत होतं की कानही चालले. मिलिमीटरची बायको एक दिवस स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडली. "बाबा म्हणतात, आता मला खोलीतच ठेवा." फरशीवाल्याने कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली, पण त्या दिवशी त्याच्या दुकानात माल उतरायचा होता, म्हणून सासऱ्यांना न्यायचं काम मिलिमीटरकडे आलं.

तपासणी बराच वेळ चालली. डॉक्टरीणबाई हसत बाहेर आल्या. "आजोबांचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत. दोन्ही."

मिलिमीटरने सुटकेचा श्वास सोडला. गाडी मोठ्या चौकाजवळ आली तेव्हा सासरे हळूच म्हणाले, "कान चांगले आहेत म्हणजे डोकं गेलं, जावईबापू. माझ्या आईचंही असंच झालं होतं. आधी दिशा गेल्या, मग माणसं गेली. मुलींना इतक्यात सांगू नका."

मिलिमीटरला वाटलं, आता गप्प बसलो तर हा माणूस याच भीतीत मरेल, आणि ती भीती मी पिळून बसवलेली असेल.

"बाबा, डोकं ठीक आहे तुमचं. मागच्या वायरी मी उलट्या लावल्या होत्या. डावीची उजवीला. मुद्दाम."

"मुद्दाम?"

"हो."

"का?"

"तुम्ही त्यांच्याकडे जाता म्हणून."

"गाडी थांबव," सासरे म्हणाले.

इतकी वर्षं ते जावयाला 'तुम्ही' म्हणत आले होते. 'थांबव' ऐकून मिलिमीटरचा पाय ब्रेकवर आपटला. म्हातारे दार उघडून स्वतःच उतरले, पदपथ चाचपला आणि चौकाकडे तोंड करून काठी रोवून उभे राहिले. तो धावत त्यांच्या शेजारी गेला.

"हात लावू नकोस. फक्त बरोबर की चूक ते सांग." त्यांनी कान टवकारले. "ट्रक. डावीकडून आला. आता समोरून गेला... उजवीकडे वळतोय."

"बरोबर."

"मागून कुणीतरी येतंय. बाई आहे. टाचांचे बूट. माझ्या उजव्या हाताने जाईल."

बाई उजव्या हाताने गेली. "बरोबर, बाबा."

"सायकल. साखळीला तेल नाही. तिकडून इकडे."

"बरोबर."

"पलीकडे कुणीतरी शटर ओढतंय. खाली नाही, वर."

मिलिमीटरने पाहिलं. चौकापलीकडे एक दुकान उघडत होतं. त्याने नुसताच हुंकार दिला. म्हातारे तसेच उभे होते, आणि त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी गालावर उतरत होतं. तोंड मात्र हसत होतं.

मग ते त्याच्याकडे वळले, अगदी नेमके. "मला वाटलं, मी हळूहळू मरतोय. कळतंय तुला? तू नळांचे नकाशे काढतोस ना? माझ्या डोक्यातला नकाशा पुसत होतास तू. गाढवा!"

"चुकलं माझं."

"चुकलंच. धाकट्याला तू सांगायचंस. मी नाही सांगणार."

फरशीवाल्याला सांगणं अवघड गेलं, कारण तो चिडलाच नाही. फरशांच्या थप्प्यांमध्ये उभा राहून त्याने सगळं ऐकून घेतलं, तोंड एवढंसं झालं, मग म्हणाला, "दादा, म्हाताऱ्यांना घाबरवायला नको होतं." थोड्या वेळाने म्हणाला, "खोली बनवली तेव्हा तुम्हालाच विचारायला हवं होतं मी. घरात एवढा जाणकार माणूस असताना दुकानातल्याला बोलावलं. माझंही चुकलंच." आणि चहा मागवला.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "आता बरं वाटतंय?"

"नाही."

"का?"

"त्याने दोन शिव्या घालायला हव्या होत्या," मिलिमीटर म्हणाला. "मोठेपणाही त्यालाच मिळाला."

"धन्य आहात," बायको म्हणाली, पण तिने त्याला वाढलं.

वायरी त्याने स्वतः जाऊन सरळ केल्या. सासऱ्यांचे रविवार पुन्हा फरशीवाल्याकडे सुरू झाले. मिलिमीटरच्या भिंतीवरचे मागचे स्पीकर तसेच राहिले. सिनेमाला मुके, खेळाला बोलके. बरेच दिवस सासरे त्याच्याशी कामापुरतंच बोलले. मग एका दुपारी त्यांचा फोन आला.

"मोकळा आहेस का? त्या चौकात ने मला. तिथे बाक आहे म्हणतात."

तेव्हापासून शनिवारी दुपारी दोघं चौकात जाऊ लागले. म्हातारे कान लावून बसायचे, काय काय चाललंय ते सांगायचे, आणि मिलिमीटर बरोबर की चूक ते ठरवायचा. कधी मुद्दाम 'चूक' म्हणायचा, तर सासरे काठी आपटून भांडायचे. "चूक कसं? कान आहेत का काय आहे तुला!" त्या 'तुला'ने मिलिमीटरला गुदगुल्या व्हायच्या. फरशीवाल्याला ते अजून 'तुम्ही'च म्हणत होते. ही गोष्ट त्याने नीट तपासून, दोन्ही बाजूंनी खात्री करून घेतली होती.

एकदा जेवताना फरशीवाल्याने उत्साहाने विचारलं, "दादा, बाबा सांगत होते चौकाबद्दल. फार मजा येते म्हणे. येत्या शनिवारी मीपण येऊ का?"

सासरे जेवत होते. मिलिमीटरच्या बायकोने मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं.

"या की," मिलिमीटर म्हणाला. "पण तुमचीच गैरसोय होईल हो. बाक दोघांचाच आहे."

बाक चांगला चौघांचा होता. म्हाताऱ्यांचा घास क्षणभर हातातच थांबला. मग ते पुन्हा जेवू लागले.